शनिवार मोकळा ठेवा

प्रश्न: माझा नवरा गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात शिकवतो. करार दोन वर्षांचा आहे. ‘पुन्हा येणं होईल न होईल’ म्हणून जवळजवळ दर शुक्रवारी रात्री आम्ही बॅगा भरतो. प्राग, ॲमस्टरडॅम, बर्लिन झालं. आता आठ वर्षांची लेक स्टेशनवरच रडायला लागते, त्याची पेपर तपासणी तुंबते आणि रविवारी रात्री परत आल्यावर घरात दूधसुद्धा नसतं. मे महिन्यात सासू-सासरे येणार आहेत. एवढं फिरायला मिळतंय तरी मी कुरकुर करते, असं सगळ्यांचं म्हणणं. काय करावं?

उत्तर: तुमची कुरकुर रास्त आहे. युरोप ‘उरकायचा’ हा हिशेब पंधरा दिवसांच्या टूरवर आलेल्या माणसाचा. तुम्ही तिथे बिऱ्हाड केलंय, आणि जर्मनीतल्या बिऱ्हाडाला शनिवार लागतोच. रविवारी दुकानं बंद, बेकरी उघडली तर काही तासच. म्हणजे शनिवारी सकाळी आठवडी बाजार, तुर्की दुकानातून भेंडी-कोथिंबीर, रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून 25-25 सेंट परत घेणं, हे सगळं आटपायचं. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही आणि काचेच्या बाटल्या कचराकुंडीत खळ्ळकन टाकायच्याही नाहीत, शेजारी लगेच दार वाजवतात.

पण दुधापेक्षा मला काळजी वाटते ती लेकीची. तिथे मुलांचे वाढदिवस बरेचदा शनिवारी दुपारी होतात. बोलावणं दोन-तीन आठवडे आधी येतं आणि मोजक्याच मुलांना येतं. दोनदा ‘आम्ही गावाला आहोत’ असं कळवलं की तिसऱ्यांदा कार्ड येत नाही, आणि त्यात कुणाचा राग नसतो. पोहण्याच्या किंवा फुटबॉलच्या क्लबच्या स्पर्धाही शनिवार-रविवारीच. भाषा अजून अर्धीच येत असलेल्या मुलीला मैत्रिणी वर्गात कमी आणि अशा दुपारी जास्त मिळतात. ती रडते त्यामागे प्रवासाचा थकवा असेलच, पण सोमवारी वर्गात सगळ्या जणी ज्या पार्टीबद्दल बोलतात तिथे आपण नव्हतो, हेही असेल. एकदा तिला विचारून बघा.

मोठ्यांचंही तेच. एखादी सहकारी ‘रविवारी कॉफी आणि केकला या’ म्हणाली तर ते साडेतीन-चारचं ठरलेलं आमंत्रण असतं, ‘या कधीतरी’ नव्हे. त्याला हो म्हणायचं असेल तर डायरीत जागा हवी. (आणि चारला म्हणजे चारला. पंधरा मिनिटं उशिरा सुरू करायची सवलत फक्त विद्यापीठातल्या तासांना आहे, वेळापत्रकात ‘सी. टी.’ लिहिलेलं असतं त्यांना.)

नवऱ्याच्या कामाचाही विचार करा. जर्मन विद्यापीठात प्राध्यापकाला आठवड्याला आठ-नऊ तास शिकवायचं असतं, करारावरच्या अध्यापकांना बरेचदा त्याहून जास्त. घरच्यांना हा आकडा लहान वाटतो. तयारी, प्रबंध वाचणं, विद्यार्थ्यांना भेटीची वेळ देणं हे त्यात धरलेलं नसतं. त्याला शनिवारची सकाळ घरी मिळाली तर पेपर तुंबणार नाहीत.

मग लांबचं फिरायचं कधी? त्याची व्याख्यानं साधारण मध्य फेब्रुवारी ते मध्य एप्रिल आणि मध्य जुलै ते मध्य ऑक्टोबर बंद असतात. शाळेला ईस्टरच्या सुमारास दोन आठवडे आणि उन्हाळ्यात सहा आठवडे सुटी. दोन्ही कॅलेंडरं फ्रिजवर शेजारी लावा आणि प्राग-पॅरिसच्या सहली जिथे दोन्ही जुळतात तिथेच टाका. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुटीवर विसंबू नका, नेमकी तेव्हाच त्याची व्याख्यानं सुरू होतात. स्वस्त विमान मिळतंय म्हणून सुटीच्या आधल्या दिवशी मुलीची शाळा बुडवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. तिथे शाळेत हजेरी सक्तीची आहे आणि पालकांना दंड होऊ शकतो.

एरवीच्या रविवारी जवळच जा. तुमच्या गावातच शहराची मोठी दफनभूमी आहे, आठ नोबेल विजेते तिथे पुरलेले आहेत. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकच्या थडग्याच्या दगडावर त्याचा स्थिरांक आहे, माक्स बॉर्नच्या दगडावर त्याचं समीकरण. झाडी दाट, तिकीट नाही. आणि पुण्याच्या माणसाला ग्योटिंगेन तसं परकं नाही. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्त्स कीलहॉर्न 1882 मध्ये इथेच प्राध्यापक म्हणून आले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही अभ्यासक उघडतात. सासरे संस्कृतवाले असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

रिजनल गाडीने तासाच्या आत हान म्युंडेन आहे. लाकडी चौकटींची सातशेहून अधिक जुनी घरं, आणि वेरा व फुल्डा या नद्यांचा संगम. काठावरच्या 1899 च्या शिळेवर कोरलंय की वेरा आणि फुल्डा जिथे एकमेकींचं चुंबन घेतात तिथे दोघींनाही आपलं नाव सोडावं लागतं. पुढची नदी वेझर. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमानंतर कृष्णा कृष्णाच राहते, इथे मात्र कुणाचंच नाव उरत नाही. लेकीला नकाशा द्या आणि शोधू द्या.

हार्त्सचे डोंगर एका दिवसात होतात. 1141 मीटरच्या ब्रॉकनवर वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, तिचं तिकीट मात्र महाग पडतं. डिसेंबरात यातलं काही ठरवू नका, साडेचारच्या आत अंधार पडतो.

देशाबाहेर जाल तेव्हा पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिट दोन्ही जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे प्रागहून येतानाही पोलीस डब्यात चढू शकतात.

आता सासू-सासरे. त्यांना पाच देश दाखवायचा घाट घालू नका. मे उत्तम, दिवस मोठा आणि हवा सोसवणारी. दोघांना डॉइचलांड-टिकेट काढून द्या. जानेवारी 2026 पासून ते महिन्याला 63 युरो आहे, त्यावर देशभरच्या रिजनल गाड्या, ट्राम आणि बस चालतात. आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत मात्र बसायचं नाही. ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून ज्या महिन्यापासून नको असेल त्याच्या आधीच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करा. सहा वर्षांवरच्या मुलांना वेगळं तिकीट लागतं, तेव्हा लेकीचं विसरू नका.

एक दिवस कासेलचा ठेवा. 1 मे ते 3 ऑक्टोबर या काळात बुधवारी, रविवारी आणि सणाच्या दिवशी तिथल्या डोंगरउतारावरच्या बागेत पाण्याचा खेळ असतो. अडीचला हर्क्युलिसच्या पुतळ्यापासून पाणी सोडतात, ते टप्प्याटप्प्याने खाली येतं आणि शेवटी सुमारे 50 मीटर उंच कारंजं उडतं, तेही पंपाशिवाय. बसने वर जा आणि पाण्याबरोबर खाली उतरत या. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच तळ्याकाठच्या बाकावर बसवा. कारंजं तिथूनच सगळ्यात छान दिसतं आणि लेक आजीपाशी थांबायला तयार असतेच.