सोलापूरकरांना उन्हाची सवय असते. मग वाळवंटातला मुक्काम सोपा जाईल का?

आपल्या चौदा जणांच्या गटाला या हिवाळ्यात जैसलमेरजवळ वाळवंटात दोन रात्री तंबूत काढायच्या आहेत, पुढच्या उन्हाळ्यात लडाख गाठायचे आहे, आणि सोलापूरच्या उन्हात वाढलेल्यांना निदान वाळवंट तरी सोपे जाईल का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरातूनच असे गट नेत असतो, म्हणून स्पष्ट सांगतो की मे महिन्यात चाळिशीपार गेलेला पारा सोसल्याचा डिसेंबरमधल्या थर वाळवंटात काडीचाही उपयोग होत नाही. तिथली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य बुडताच भराभर निवते. दुपारी घामेजलेला माणूस रात्री कानटोपी शोधत फिरतो आणि पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जाणे हे नेहमीचेच असते.

आमच्या पहिल्या खेपेला अर्ध्या गटाने मोठ्या अभिमानाने सोलापुरी चादरी आणल्या होत्या. चादरीला नावे ठेवण्याची माझी हिंमत नाही, पण ती जाड सुती वीण पाठीवर जड होते आणि पहाटेच्या दवाने एकदा ओलावली की लवकर वाळत नाही. ती रेल्वेच्या बर्थवर अंथरावी आणि मुक्कामासाठी स्लीपिंग बॅग भाड्याने घ्यावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र जरूर न्यावी, कारण न विटणारे आणि चूल न पेटवता पोट भरणारे असे दुसरे काही मला अजून सापडलेले नाही.

पाण्याचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर करावा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर धरले, तर चौदा जणांना दिवसाला सत्तर आणि दोन दिवसांना १४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात जार लागतात, आणि मी नेहमी आठवा जार घेतो. ‘पुढच्या ढाणीवर (वाळवंटातल्या छोट्या वस्तीवर) पाणी मिळेल’ या भरवशावर चालू नये; ते पाणी तिथल्या माणसांनी आणि जनावरांनी पुरवून वापरायचे असते. शेकोटीसाठी खेजडीची, म्हणजे तिथल्या शमीच्या झाडाची, फांदीही तोडू नये. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडे वाचवताना बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी प्राण दिले, आणि ती आठवण तिथे अजून जिवंत आहे.

मला सर्वांत मोठा धडा मिळाला तो माझ्याच चुकीने. मध्यरात्री आमच्यातला एक जण लघवीसाठी तंबूबाहेर गेला, दोन टेकाडे ओलांडून बसला आणि परतताना उलट्या दिशेला चालू लागला, कारण अंधारात वाळूची सगळी टेकाडे सारखीच दिसतात. शिट्टी वाजवत त्याला शोधून काढेपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून मी मुक्कामाच्या मध्यभागी उंच काठीला टॉर्च बांधून ती रात्रभर चालू ठेवतो, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी घालतो आणि रात्री बाहेर जाताना जोडीदाराला उठवलेच पाहिजे, हा नियम कितीही थट्टा झाली तरी मोडू देत नाही.

आपला सोलापूरचा किल्ला भुईकोट, भोवतालचा मुलूख सपाट. त्यामुळे चढाची सवय घरबसल्या होत नाही. लडाखपूर्वी सगळ्या गटाने एकदा तरी पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून, पाठीवर सामान घेऊन मुक्कामी चालण्याचा अनुभव घ्यावा. सर्वांत मागे कोण राहतो, हे तिथे कळते. पुढे सगळ्या गटाने त्याच्याच चालीने चालायचे असते आणि त्याच्या मागे एक अनुभवी माणूस ठेवायचा असतो. मागे पडणारा बहुधा लाजेपोटी काही बोलत नाही, पायाला फोड आला तरी झाकून ठेवतो.

लडाखचा प्रश्न निराळा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. त्यानंतर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर वर जाणे तिथेच थांबवावे, आणि त्रास वाढला किंवा चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरावे. व्यायामशाळेत कमावलेले शरीर यात कुणाला वाचवत नाही. उलट तगडी मुलेच त्रास लपवतात. उंचीच्या त्रासावर औषध घ्यायचे की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तारखेचे म्हणाल, तर वाळवंटासाठी डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरा. जानेवारीच्या मध्यावर सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असते आणि नंदीध्वजांची मिरवणूक सोडून चौदा सोलापूरकर एकत्र गावाबाहेर पडल्याचे मी तरी पाहिलेले नाही.