कॅमिओ घ्यावा की रंग चढलेला मॉर्गन?

तुम्ही लिहिता की सहा हजार डॉलर हाताशी आहेत आणि डीलरने दोन पर्याय पुढे ठेवलेत: फ्रँकलिन अर्ध्या डॉलरची काही कॅमिओ प्रूफ नाणी (प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं, कॅमिओ म्हणजे आरशासारख्या पाटीवर दुधी चेहरा), नाहीतर इंद्रधनुषी टोनिंगचा, म्हणजे चांदीवर रंग चढलेला, एकच जुना मॉर्गन डॉलर. पत्राच्या शेवटी जाता जाता सांगता, पाच वर्षांनी यातूनच मुलीची कॉलेजची फी भरायची आहे.

खरा प्रश्न तिथेच आहे. फीला तारीख असते, नाण्याच्या गिऱ्हाइकाला नसते. चार हजार सरळ अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी रोख्यांत ठेवा. उरलेल्या दोन हजारांपुरतंच पुढचं वाचा.

दोन्ही नाण्यांत तुम्ही चांदीपेक्षा रूपाचे पैसे जास्त मोजताय. ते रूप विकताना कोण मोजून घेणार, एवढंच पाहायचं. फ्रँकलिनची प्रूफ 1950 ते 1963 या काळातली. नव्या डायमधून, म्हणजे नाण्यावर छाप उठवणाऱ्या साच्यातून, पडलेल्या पहिल्या काही नाण्यांवरच चेहरा दुधी आणि मागची पाटी आरशासारखी उतरायची. पुढे डाय झिजला की सगळंच चकचकीत. म्हणून त्या काळातला कॅमिओ कमी सापडतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या स्लॅबवर, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीवर, तसा शब्द छापलेला असतो आणि भावपत्रकात त्याला वेगळा रकाना असतो. मात्र सत्तरच्या दशकानंतर डायची प्रक्रिया सुधारली आणि जवळजवळ प्रत्येक प्रूफ डीप कॅमिओच, म्हणजे अगदी ठळक कॅमिओ, निघू लागलं. तिथे त्या शब्दाचे जादा पैसे देणं म्हणजे पावसाळ्यात पाणी विकत घेणं.

मॉर्गनचं गणित वेगळं. चांदीवर गंधकाचा थर चढतो. पातळ असताना सोनेरी, मग जांभळा, निळा, आणि फार वाढला की काळा. वर्षानुवर्षं कॅनव्हासच्या पिशवीत पडून राहिलेल्या काही डॉलरवर त्या कापडाची वीणसुद्धा उमटलेली दिसते. मी असं नाणं दिव्याखाली फिरवून पाहिलंय, मोह होतो, कबूल. पण भावपत्रकात रंगाला रकाना नाही. दुकानात नेलंत तर साध्या मॉर्गनचा भाव ऐकायला मिळू शकतो. रंगाचे पैसे वसूल व्हायचे तर लिलावात त्याच रंगावर जीव जडलेली दोन माणसं एकाच वेळी हवीत. शिवाय रसायनं आणि उष्णता वापरून असा रंग घरीही चढवतात. त्यामुळे स्लॅबमध्ये नसलेलं नाणं घेऊच नका.

तुम्हाला पाच वर्षांत विकायचंच असेल तर माझा कौल जुन्या कॅमिओला, आणि तोही धुरकट डाग नसलेल्या. मॉर्गन आवडला असेल तर विकायचा नाही असं ठरवून घ्या, म्हणजे तो खर्च झाला, गुंतवणूक नव्हे. अमेरिकेत नाण्यांवरच्या दीर्घकालीन नफ्याला कर 28 टक्क्यांपर्यंत लागतो, शेअरला कमाल 20, हेही हिशेबात धरा.

पैसे देण्याआधी डीलरला विचारा: हेच नाणं उद्या सकाळी परत आणलं तर किती द्याल? तो काय म्हणाला ते मला कळवा.