किटली, कॅन आणि कार्टची टाकी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी भंगारात निघालेल्या जुन्या स्कूटरचे कार्ब्युरेटरवाले चार-स्ट्रोक इंजिन बसवून एक लहान गो-कार्ट तयार करीत आहेत. सांगाडा, स्टिअरिंग आणि ब्रेक यांची जुळणी झाली आहे. अडले आहे ते पेट्रोलच्या टाकीपाशी. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन वापरावा, असे मुलींचे म्हणणे आहे, तर माझ्या पत्नीने दुधाची स्टेनलेस स्टीलची किटली देऊ केली आहे. दोहोंपैकी काय निवडावे? कार्ट एका परिचितांच्या कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालवली जाणार आहे.
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : चांगली किटली आपण होऊन देऊ करणाऱ्या गृहिणी विरळा असतात, तेव्हा आपल्या पत्नीचे कौतुक आधी नोंदवतो आणि मग नाइलाजाने सांगतो, की किटली घरातच राहू द्यावी. कॅनचा विचार तर पूर्णपणे सोडून द्यावा. टाकाऊ वस्तूंतून कार्ट बनवण्यात मात्र काहीही गैर नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बनवली तीसुद्धा गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवूनच. प्रश्न फक्त कोणती वस्तू कोणत्या कामाला लावावी, एवढाच आहे.

कॅनच्या बाजूने मुली एक युक्तिवाद नक्की करतील, आणि तो अगदीच पोकळ नाही. कॅनच्या बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल, तर ते प्लास्टिक उच्च घनतेचे पॉलिइथिलिन असते आणि आजच्या अनेक मोटारींच्या टाक्याही याच प्लास्टिकच्या असतात. फरक असा, की मोटारीच्या टाकीची भिंत कित्येक पट जाड असते आणि पेट्रोलची वाफ अडवणारा वेगळा थर त्या भिंतीत घातलेला असतो, किंवा आतल्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया तरी केलेली असते. तेलाच्या कॅनची पातळ भिंत पेट्रोल हळूहळू शोषते, फुगते, मऊ पडते आणि थेंबभरही न गळता वाफ बाहेर सोडत राहते. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, आणि हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का झाले, तरी एका ठिणगीने पेट घेते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश (फ्लॅश पॉइंट), उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने मुंबईच्या कोणत्याही ऋतूत पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ सदैव तयार असते. कॅनच्या झाकणातील पातळ चकती तर तेलासाठी केलेली असते. ती पेट्रोलात किती दिवस टिकेल, याचा भरवसा नाही.

कॅनचा खरा घात मात्र भिंतीपेक्षा भोकात आहे. टाकीला खालून पेट्रोल काढण्यासाठी नळी बसवावी लागते, आणि पातळ, लवचीक प्लास्टिकला भोक पाडून बसवलेली नळी कार्टच्या हादऱ्यांनी हलत राहते. असे भोक बुजवण्यासाठी लोक हाताशी असेल ते लावतात. न्हाणीघरातल्या फटींत भरतात ते सिलिकोन पेट्रोलात फुगून सुटते आणि मळून लावायची एपॉक्सीची लुकण या गुळगुळीत प्लास्टिकला मुळात धरतच नाही. तरुणपणी मी पाणी उपसायच्या इंजिनाला तेलाच्या पत्र्याच्या डब्याची टाकी केली होती. तो डबा तिसऱ्या दिवशी शिवणीतून झिरपू लागला, आणि इंजिन जागेवर स्थिर होते म्हणूनच केवळ वासावर निभावले.

आता किटली. स्टेनलेस स्टीलला पेट्रोलचे भय नाही, आणि आताच्या पेट्रोलाचेही नाही. हा ‘आताच्या’ शब्द महत्त्वाचा आहे, कारण पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, जुनी रबरे फुगवते आणि ॲल्युमिनियम व जस्त यांना गंजवू शकते. म्हणून किटली ॲल्युमिनियमची असती तर मी याच कारणावरून नाही म्हटले असते. स्टीलच्या किटलीची अडचण वेगळी आहे. तिचे झाकण नुसते दाबून बसते, त्यामुळे पहिल्याच वळणावर पेट्रोल उसळून बाहेर येईल. ते टाळायचे, तर तोंड चकती लावून आर्गॉन वेल्डिंगने बंद करायचे, त्यावर आटे असलेल्या झाकणाचे नरडे बसवायचे, बुडाला कॉकसाठी, म्हणजे पेट्रोल सोडण्या-थांबवण्याच्या तोटीसाठी, आट्यांचा बुश (जाड कडे) जोडायचा, पातळ पत्रा हादऱ्यांनी बुशभोवती चिरू नये म्हणून तिथे आतून जाड पत्र्याचे ठिगळ द्यायचे आणि सांगाड्याला धरण्यासाठी पट्ट्या लावायच्या. एवढे झाल्यावर किटलीचे केवळ पोट उरते आणि मजुरीत तयार टाकी येऊन जाते.

म्हणून माझा उलट प्रश्न असा, की इंजिन ज्या स्कूटरचे आहे, तिची टाकी कुठे गेली? ज्या भंगारवाल्याकडून इंजिन घेतले, त्याच्याकडे आधी चौकशी करावी. तिथे न मिळाल्यास कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एक फेरी मारून लुनासारख्या मोपेडची किंवा जनित्राच्या लहान इंजिनाची टाकी शोधावी. मोठी टाकी घेण्याचा मोह नको. होंडाच्या जीएक्स १६० या १६३ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर ३.१ लिटरचीच टाकी बसून येते, आणि आवारातल्या सरावाला तीन लिटर पुष्कळ होतात. टाकी घेताना आत टॉर्च मारून गंज पाहावा, झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे आहे का ते पाहावे आणि कॉक फिरवून पाहावा. छिद्र तुंबलेले असेल, तर पेट्रोल खाली उतरते तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही मिनिटांत इंजिन दम तोडते. मग मुली दोन दिवस कार्ब्युरेटर उघडून बसतील. आणखी एक विनंती : जुन्या टाकीवर, ती कितीही वर्षे कोरडी पडलेली असो, वेल्डिंग करू नये. पत्र्याच्या सांध्यांत राहिलेल्या पेट्रोलाची वाफ स्फोटाला पुरते.

टाकी कुठे बसवायची, हे ती कशाची आहे याइतकेच महत्त्वाचे आहे. शर्यतीच्या कार्टमध्ये टाकी स्टिअरिंगच्या दांड्याखाली, चालकाच्या दोन पायांच्या मध्ये, इंजिन आणि सायलेन्सरपासून दूर असते. परंतु ती कार्ब्युरेटरपेक्षा खाली असल्यामुळे पेट्रोल ओढण्यासाठी छोटा पंप लागतो. आपल्या चार-स्ट्रोक इंजिनात असा लवचीक पडद्याचा पंप इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल जाण्याच्या, नळीतील ओढीच्या ठोक्यांवर चालवता येतो. पंप नको असेल, तर टाकीचे बूड कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीपेक्षा (जिच्यात पेट्रोल साठते तिच्यापेक्षा) निदान वीतभर वर हवे. तेव्हा ती आसनामागे उंच जाते आणि नेमकी तापलेल्या इंजिनाच्या शेजारी येते. अशा वेळी टाकी सायलेन्सरच्या बरोबर वर कधीही नको, आणि टाकी व चालक यांच्यामध्ये, तसेच टाकी व इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचा आडपडदा हवाच. मला विचाराल तर थोडा खर्च करून पंप लावावा. स्कूटरचा मूळ कॉक इंजिनाच्या ओढीने उघडणारा असेल, तर तो जपून ठेवावा, कारण इंजिन बंद पडताच पेट्रोलही थांबते. तो नसल्यास चालकाच्या हाताला लागेल असा साधा कॉक बसवावा.

नळी पेट्रोलसाठीचीच घ्यावी. नागदेवी स्ट्रीटवर ती मीटरवर मिळते. मत्स्यालयाची पारदर्शक नळी दिसते छान, पण पेट्रोलात कडक होऊन क्लिपखाली तडकते. सारे जोडून झाल्यावर टाकीत पाणी भरून ती रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवावी, मग पूर्ण वाळवून उघड्यावर थोड्या पेट्रोलने तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आवारात कोरड्या भुकटीचे अग्निशामक हाताशी असावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतले, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवत जाते.

प्रश्न : पेट्रोल आत हिंदकळू नये म्हणून टाकीत गादीचा स्पंज भरावा, असे एका मेकॅनिकने सुचवले. ते योग्य आहे काय?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. शर्यतीच्या गाड्यांच्या टाकीत स्पंज असतो हे खरे. पण तो त्याच कामासाठी बनवलेला, मोठ्या छिद्रांचा असतो. गादीचा स्पंज पेट्रोलात हळूहळू भुगा होतो, आणि तो भुगा फिल्टरमध्ये व कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. तीन लिटरच्या टाकीला याची गरजही नाही.

प्रश्न : आमच्या मुलाची कार्ट मित्राच्या गॅरेजमध्ये आहे, पण उरलेले पेट्रोल तो शीतपेयाच्या बाटलीत भरून चाळीच्या गॅलरीत ठेवतो. शेजारी तक्रार करतात. कायदा काय सांगतो?
— एक वाचक, परळ

उत्तर : शेजाऱ्यांचे बरोबर आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. परंतु ते काच, चिनीमाती किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यातच ठेवले पाहिजे. काचेचे किंवा चिनीमातीचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे नको आणि धातूचे २५ लिटरपेक्षा. या यादीत शीतपेयाची प्लास्टिकची बाटली कुठेच बसत नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी चाळीची गॅलरी ही सर्व बिऱ्हाडांची येण्याजाण्याची एकच वाट असते, आणि त्या वाटेवर कोणाची शेगडी, कोणाची उदबत्ती, कोणाची विडी पेटलेली असतेच. शिवाय पारदर्शक बाटलीतले पेट्रोल लहान मूल सरबत समजून तोंडाला लावू शकते. मुलाला सांगावे, की सराव संपल्यावर उरलेले पेट्रोल नरसाळ्याने घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये भरावे, कॅन भरताना जमिनीवर ठेवावा, त्यावर ठळक अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहावे आणि तो गॅरेजमध्येच, ठिणगीपासून दूर, सावलीत ठेवावा. घरी आणू नये.