हृदयपरिवर्तन : पडद्यावरचे आणि चळवळीतले

प्रश्न : ‘मुन्नाभाई’च्या दोन्ही चित्रपटांत गुंडाचे मन पालटले की आपण टाळ्या वाजवतो. मात्र दलित पँथर या लढाऊ दलित तरुणांच्या संघटनेचे नेते, कवी नामदेव ढसाळ आणीबाणीच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे शिवसेनेच्या जवळ गेले, तेव्हा त्यांच्यावर संधिसाधूपणाचा शिक्का बसला. हा दुटप्पीपणा नव्हे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : थोडासा आहे, पण तुम्ही मानता तितका नाही. ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये (२००६) मुन्ना रेडिओवरील गांधींविषयीची प्रश्नमंजूषा जिंकतो, ती प्राध्यापकांना पळवून आणून त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेत. त्या प्राध्यापकांची घाबरगुंडी हा विनोदाचाच भाग असतो आणि मुन्ना गांधीवादी झाल्यावर त्यांच्यापैकी कोणी जाब विचारायला येत नाही. विनोदी चित्रपटातील गुंडाचा भूतकाळ मुळातच इतका हलका लिहिलेला असतो की, तो टाकून देताना त्याला कोणाचे देणे फेडावे लागत नाही.

चळवळीतील माणसाला ही सवलत नसते. ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी १९७२ मध्ये दलित पँथर उभी केली. पुढच्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने अनुसूचित जातींबरोबरच भूमिहीन शेतमजूर, कामगार आणि आदिवासी यांनाही ‘दलित’ म्हटले. ही डावीकडे झुकलेली मांडणी ढाल्यांना मान्य नव्हती आणि १९७४ मध्ये संघटना फुटली. त्याच वर्षी जानेवारीत, मध्य-दक्षिण मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीच्या तोंडावर, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. पँथरने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला होता आणि शिवसेनेशी तिचा उघड संघर्ष होता. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. पुढे ढसाळ शिवसेनेचे मुखपत्र असलेल्या ‘सामना’त स्तंभ लिहू लागले, तेव्हा तो मोर्चा पाहिलेली माणसे मुंबईत होती, आणि त्यांच्या रागाला केवळ मत्सर म्हणून उडवून लावता येत नाही.

म्हणून मत बदलले याबद्दल कार्यकर्त्याला धारेवर धरू नये. जुन्या मताची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याशी तो काय बोलला, हे मात्र जरूर विचारावे. या कसोटीवर आणीबाणीच्या काळातील इंदिरा गांधींवरचे ‘प्रियदर्शिनी’ मला ढसाळांच्या लेखनातील सर्वांत दुबळे पुस्तक वाटते. पँथरच्या कार्यकर्त्यांवर खटल्यांचे ओझे होते, हे खरे. तेवढ्याने स्तुतिकाव्याचे समर्थन होत नाही. शिवसेनेशी झालेल्या जवळिकीचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्या कामाठीपुरा-गोलपिठ्याच्या वेश्यावस्तीच्या परिसरात ते वाढले, टॅक्सी चालवत ज्या गल्ल्यांतून फिरले, तिथल्या माणसांना त्यांनी कवितेतून कधी हद्दपार केले नाही. राज्यात शिवसेना-भाजपचे सरकार आले त्याच १९९५ सालच्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘या सत्तेत जीव रमत नाही’ असे आहे. त्यांना निव्वळ संधिसाधू म्हणणाऱ्याने निदान तो संग्रह उघडून पाहावा.

प्रश्न : मग गुंडांवरचे विनोदी चित्रपट गुंडगिरीचे उदात्तीकरण करतात, असे म्हणावे का? (तेच वाचक)

उत्तर : उदात्तीकरणाचा दोष गंभीर गुंडपटांकडे अधिक जातो, विनोदी चित्रपट गुंडाला निरुपद्रवी करून सोडतात. यात काळाचाही वाटा आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीला खंडणीचे फोन येत होते आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये गुलशन कुमार यांचा भरदिवसा खून झाला. त्या दिवसांत प्रवेशपरीक्षेला स्वतःच्या जागी धाक दाखवून डॉक्टरला बसवणाऱ्या भाईवर हसणे या शहराला जड गेले असते. पहिला ‘मुन्नाभाई’ २००३ मध्ये आला, तोपर्यंत पोलीस चकमकी आणि १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा यांमुळे टोळ्यांची दहशत बरीच ओसरली होती. माझी तक्रार एवढीच की, खंडणीचा फोन ज्याला येतो त्या दुकानदाराला या चित्रपटांत जवळपास कधीच एखादे बरे दृश्य मिळत नाही.