परसबागवाल्यांनी भाजीपाला अदलाबदलीचा खासगी सभासद-गट कसा चालवावा?

१५-२० घरांपासून सुरुवात करा. मात्र सभासद घेतानाच कोण काय लावणार ते लिहून घ्या. पेरणीआधी ही यादी जुळवली नाही, तर एकाच आठवड्यात सगळ्यांकडे टोमॅटोच टोमॅटो होतात आणि गट तिथेच थंडावतो. माझ्या मते हे काम बाकी सगळ्या नियमांपेक्षा मोठं आहे.

वस्तूला वस्तू असा हिशोब ठेवू नका, गुण ठेवा: माल दिला की खात्यात गुण जमा, घेतला की वजा. उदाहरणार्थ, १ किलो भोपळ्याला ४, १ किलो टोमॅटोला १०, १०० ग्रॅम कोथिंबिरीला ३. नुसत्या वजनावर गेलात तर पालेभाजीवाल्यांवर अन्याय होतो. खात्याला दोन्हीकडून मर्यादा हवी: उणे ३० आणि अधिक ६०. फक्त घेणारे त्रास देतात हे सगळ्यांना कळतं. पण गुण साचून खर्चायला जागाच न उरलेले चांगले उत्पादकही कंटाळून सोडून जातात.

माल त्याच दिवशी सकाळी काढलेला असावा. पालेभाजी धुऊन आणू नये, ओली पानं लवकर सडतात. पिशवीवर काढणीची आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहा. औषधाच्या लेबलवरचा प्रतीक्षा काळ (फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस) पाळला नसेल तर माल परत.

घरी हवाबंद केलेल्या कमी आम्लाच्या भाज्या (सामू म्हणजे pH ४.६ च्या वर) घेऊच नका. त्यात बॉट्युलिझमचं (जीवघेण्या अन्नविषबाधेचं) विष तयार होऊ शकतं आणि ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.

गट खासगी आहे म्हणून अन्नसुरक्षेचे नियम आपोआप माफ होत नाहीत. स्थानिक कायदा आधी पाहा.