कायदा-जिज्ञासा : इंग्लंडमधील न्यायाधीश, त्यांची नेमणूक आणि त्यांचे स्वातंत्र्य

प्रश्न : इंग्लंडमध्ये वरिष्ठ न्यायाधीशांची नेमणूक राजाच्या नावाने आणि तीही मंत्र्यांच्या सल्ल्याने होते, असे आमच्या पाठ्यपुस्तकात दिले आहे. मग तेथील न्यायव्यवस्थेला स्वतंत्र कोणत्या आधारावर म्हणायचे? (विधी महाविद्यालयातील एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : पाठ्यपुस्तकातील विधान बरोबर आहे, मात्र राजाची सही ही त्या प्रक्रियेतील शेवटची पायरी आहे. सहीआधी नाव कोण निवडतो आणि सहीनंतर त्या न्यायाधीशाला हात कोण लावू शकतो, हे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत, आणि माझ्या मते त्यातही दुसरा अधिक.

आधी निवडीविषयी. 2005 पर्यंत लॉर्ड चॅन्सलर हा एकच माणूस मंत्रिमंडळाचा सदस्य, लॉर्ड्स सभागृहाचा अध्यक्ष आणि न्यायसंस्थेचा प्रमुख अशा तिन्ही खुर्च्या सांभाळत असे. न्यायाधीश होण्यास योग्य कोण, याची चाचपणी तो ज्येष्ठ न्यायाधीशांकडे आणि नामवंत बॅरिस्टरांकडे खासगीत करी. निवडलेली माणसे लायक नसत असे नव्हे. पण जो त्या वर्तुळात वावरला नाही त्याचे नाव कोणाच्या तोंडी येण्याचा संभव कमी असे. 2005 च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने ही रचना मोडली. एप्रिल 2006 पासून न्यायिक नियुक्ती आयोग काम करू लागला. त्याचे 15 सदस्य असतात आणि अध्यक्ष न्यायाधीश किंवा वकील नसलेलीच व्यक्ती असावी लागते. जागांची जाहिरात निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात आणि आयोग गुणवत्तेवर एका जागेसाठी एकच नाव पुढे पाठवतो. उच्च न्यायालयाच्या बाबतीत लॉर्ड चॅन्सलर ते नाव नाकारू शकतो किंवा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो, पण लेखी कारणे देऊन आणि ठरावीक मर्यादेतच. आपल्या पसंतीचे नाव मधूनच घुसवण्याची सोय त्याला ठेवलेली नाही. त्याखालच्या न्यायाधीशांबाबतचा हा अधिकार तर 2013 च्या कायद्याने मंत्र्याकडून काढून मुख्य न्यायाधीशांकडे दिला गेला. सर्वोच्च न्यायालय स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचेही असल्यामुळे तेथील जागांसाठी दर वेळी स्वतंत्र निवड समिती नेमली जाते. आपल्याकडे कॉलेजियममध्ये न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, आणि त्याऐवजी आणलेला आयोग सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये घटनाबाह्य ठरवला, हे आपण वाचले असेलच. आयोगात बाहेरची माणसे आली की स्वातंत्र्य जाते, असा अनुभव इंग्लंडला आलेला नाही, एवढे येथे नोंदवतो.

आता दुसरा प्रश्न. राजाच्या मर्जीवर खुर्ची असली की काय होते, हे सर एडवर्ड कोक यांनी भोगले होते. राजालाही कायद्याची मर्यादा आहे, हे पहिल्या जेम्सला ऐकवणाऱ्या या सरन्यायाधीशाला 1616 मध्ये घरी बसावे लागले. 1701 च्या ‘अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट’ने ही मर्जी संपवण्याची तरतूद केली : वर्तन चांगले आहे तोवर न्यायाधीश पदावर राहील आणि त्याला काढायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तशी विनंती करावी लागेल. या मार्गाने आजवर एकच न्यायाधीश गेला, 1830 मध्ये, आणि तोही इंग्लंडमधला नव्हे. आयर्लंडच्या नौअधिकरण न्यायालयाचे सर जोना बॅरिंग्टन यांनी न्यायालयात जमा झालेल्या पैशांचा अपहार केला होता. वरिष्ठ न्यायाधीशांचा पगारही कायद्याने थेट एकत्रित निधीतून दिला जातो, त्यामुळे एखादा निकाल झोंबला म्हणून पुढच्या अर्थसंकल्पात त्यावर कात्री चालवता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ज्या संसदेने स्वतःच्या देशात ही हमी 1701 मध्ये दिली, तिनेच 1861 च्या कायद्यात हिंदुस्थानातील उच्च न्यायालयांचे न्यायाधीश राणीची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतील, असे लिहिले. 1862 मध्ये सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाला ही अट लागू होती, आणि ती हटण्यासाठी 1935 चा कायदा यावा लागला.

प्रश्न : लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मुलाला वाहतुकीच्या एका खटल्यात न्यायालयात जावे लागले. समोर तिघे साध्या कपड्यांत बसले होते आणि त्यांपैकी कोणीही वकील नव्हते, असे तो सांगतो. हे कसे शक्य आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या मुलाने पाहिले ते बरोबरच आहे. ते मॅजिस्ट्रेट किंवा जुन्या नावाने ‘जस्टिस ऑफ द पीस’ होत. ही प्रथा 1361 च्या कायद्यापर्यंत मागे जाते. शिक्षिका, दुकानदार, निवृत्त कारखाना-व्यवस्थापक अशी कोणीही व्यक्ती प्रशिक्षण घेऊन हे काम विनावेतन करते. प्रवासखर्चासारखे भत्ते तेवढे मिळतात. शेजारी कायदा जाणणारा सल्लागार असतो. तो कायदा काय आहे हे सांगतो, पण आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील फौजदारी खटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच न्यायालयांत निकाली निघतात, त्यामुळे विग घातलेला न्यायाधीश हे चित्र सामान्य आरोपीच्या वाट्याला क्वचितच येते. गंभीर खटले क्राउन कोर्टात जातात. तेथे दोषी की निर्दोष हे बारा ज्युरी ठरवतात, तर न्यायाधीश त्यांना कायदा समजावतो आणि दोष शाबीत झाल्यास शिक्षा सुनावतो. मुंबईकरांना हे पद अपरिचित नाही : जगन्नाथ शंकरशेट हे मुंबईचे जस्टिस ऑफ द पीस होते.

प्रश्न : सरकारचा दबाव नसला तरी न्यायाधीशाचा स्वतःचा कल असू शकतो. त्यावर तेथे उपाय काय? (एक निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : याचे सर्वांत बोलके उदाहरण पिनोशे खटल्याचे आहे. चिलीचे माजी हुकूमशहा जनरल पिनोशे यांना लंडनमध्ये अटक झाल्यावर, माजी राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांना संरक्षण आहे का, हा प्रश्न लॉर्ड्स सभागृहाच्या न्यायिक समितीपुढे, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे आला. 25 नोव्हेंबर 1998 रोजी पाचांपैकी तिघांनी ते नाही असा कौल दिला. त्या तिघांपैकी लॉर्ड हॉफमन हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेशी संलग्न धर्मादाय कंपनीचे संचालक होते, आणि अ‍ॅम्नेस्टी या खटल्यात हस्तक्षेपक पक्ष होती. त्यांना त्यातून एक पैचाही लाभ नव्हता, ते प्रत्यक्षात पक्षपाती होते असेही कोणी सिद्ध केले नव्हते. तरीही पक्षकाराच्या ध्येयाशी असे नाते असलेल्या न्यायाधीशाने त्या पीठावर बसताच कामा नये, असे म्हणून त्यांच्याच सहकाऱ्यांनी 17 डिसेंबरला तो निकाल रद्द केला. मार्च 1999 मध्ये सात जणांच्या नव्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने पुन्हा संरक्षण नाकारले, पण आरोपांची व्याप्ती बरीच कमी केली. म्हणजे निष्कर्ष जवळपास तोच राहूनही सर्वोच्च पीठाने स्वतःचा निकाल मोडण्याची नामुष्की पत्करली, आणि मला ती योग्य वाटते.

बाहेरच्या दबावाचे म्हणाल तर अलीकडचा प्रसंग 2016 चा आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस संसदेच्या संमतीविना देता येणार नाही, असे तीन न्यायाधीशांनी ठरवताच एका मोठ्या खपाच्या दैनिकाने त्यांची छायाचित्रे ‘जनतेचे शत्रू’ या मथळ्याखाली छापली. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे लॉर्ड चॅन्सलरचे कायदेशीर कर्तव्य असताना तेव्हाच्या लॉर्ड चॅन्सलर लिझ ट्रस यांचे निवेदन उशिरा आले आणि तेही गुळमुळीत. मुख्य न्यायाधीश लॉर्ड थॉमस यांनी पुढे संसदीय समितीसमोर त्यांची भूमिका चुकीची असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये मूळ निकालच कायम केला.

प्रश्न : तेथील न्यायाधीश निवृत्तीनंतर पुन्हा वकिली करतात का? (एक वकील, पणजी)

उत्तर : करत नाहीत. पूर्णवेळ पद स्वीकारतानाच वकिलीकडे परतायचे नाही, हे गृहीत धरलेले असते. लवादाचे काम मात्र अनेक जण करतात. निवृत्तीचे वय 2022 मध्ये 70 वरून 75 करण्यात आले. आपल्याकडे हीच बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवर संविधानाने घातली आहे, पण उच्च न्यायालयाच्या कायम न्यायाधीशाला निवृत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयात आणि स्वतः काम न केलेल्या इतर उच्च न्यायालयांत वकिली करण्याची मुभा आहे.