पट्टकृमी शरीरात वर्षानुवर्षं राहतो, तरी प्रतिकारशक्ती त्याला मारत का नाही? ती वाढवायला काय घ्यावं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: काहीही घेऊ नका. हे 'प्रतिकारशक्ती वाढवा' प्रकरण आमच्या घरात इतकं गाजलंय की प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

माझं माहेर मालवणचं, सासर देवगड तालुक्यातलं, पक्कं शाकाहारी. आंब्याचे दिवस, पडवीत पेट्या भरायचं काम चाललेलं. धाकटे दीर पेंढ्यावर फळं रचत होते आणि एकाएकी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा उडायला लागला. ते स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले, जरा हसलेसुद्धा. मग मनगट, मग कोपर, मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते पेट्यांवरच कोसळले. कोणी कांदा आणा म्हणतंय, कोणी चप्पल. सासूबाईंचं देवाला गाऱ्हाणं सुरू. मी दिरांना कुशीवर वळवलं आणि गाडी काढायला लावली. कोल्हापूरला एमआरआय झाला. मेंदूत गाठ, भोवती सूज. न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीची अळी.

झालं! ठाण्याहून नणंदेच्या यजमानांचा फोन: "वहिनींच्या माहेरच्या मासळीचा प्रताप."

बांगडा खाऊन मेंदूत गाठ होत नाही. माशांतून येणारा पट्टकृमी निराळा. तो कच्चा मासा खाणाऱ्यांना होतो आणि आतड्यात राहतो. अर्धकच्चं डुक्कर खाल्लं तरी आधी होतो तो आतड्यातला लांबलचक जंतच. मेंदूत गाठ होते त्याची अंडी पोटात गेली तर, आणि अंडी येतात ज्याच्या आतड्यात तो जंत आहे त्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांनी, कच्च्या कोशिंबिरीतून. तिथे शाकाहाराचा काही उपयोग नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. अंड्यातून निघालेला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो, तेव्हा प्रतिपिंडं, म्हणजे परक्याला चिकटणारी आपली प्रथिनं, त्याला मारू शकतात. पण त्याची पाण्याने भरलेली गाठ तयार झाली की डाव पालटतो. रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनं परक्या पेशींना भोकं पाडतात. हा कृमी पॅरामायोसिन नावाचं प्रथिन वापरून त्यांतलं पहिलंच, सी१क्यू, अडकवतो. आपलीच प्रतिपिंडं अंगावर वागवतो. नियामक टी पेशींना, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पांढऱ्या पेशींना, हाताशी धरतो, आणि त्या आयएल-१० व टीजीएफ-बीटा हे निरोप देणारे रेणू स्रवून बाकीच्या पेशींना आवरतात. टीएच-१ प्रकारच्या मारक प्रतिसादाऐवजी पारडं टीएच-२ या गाठीला न मारणाऱ्या प्रकाराकडे झुकतं. शक्ती असते तेवढीच असते, तिचा रोख बदलतो. माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत.

फिट बहुधा येते ती कृमी मरायला लागल्यावर. त्याची पकड सुटते, इतके दिवस आवरून धरलेल्या पेशी गाठीवर तुटून पडतात, सूज चढते. औषधाने मारलं तरी तेच होतं. म्हणून डॉक्टरांनी आधी सूज आवरणारं स्टेरॉइड, मग कृमी मारणारं अल्बेंडाझोल आणि सोबत फिटच्या गोळ्या, असं लिहून दिलं.

तर नणंदेच्या यजमानांनी स्टेरॉइडच्या पाकिटातलं पत्रक मोबाइलवर मागवून वाचलं. "यानं प्रतिकारशक्ती कमी होते. जंत वाढतील. बंद करा, गुळवेलीचा काढा द्या." मामंजी डळमळले. मी गोळ्या कमरेला खोचून घरभर फिरले आणि वेळ झाली की दिरांच्या हातावर स्वतः ठेवल्या. ज्या आजारात सुजेनेच फिट येते, तिथे प्रतिकार आणखी पेटवायचा? गुळवेल आमच्या गडग्यावर हवी तेवढी आहे. तिने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, आणि अल्बेंडाझोलचा त्रास यकृतालाही होऊ शकतो. पुढच्या एमआरआयमध्ये दिरांची सूज उतरलेली होती, गाठीच्या जागी चुन्याचा ठिपका. त्या ठिपक्यानेही फिट येऊ शकते, म्हणून फिटच्या गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत.

उलटीही बाजू आहे. हायमेनोलेपिस डिमिनुटा हा उंदरांचा पट्टकृमी प्रयोगात दिला की आतड्याचा दाह उतरलेला दिसतो, त्याच आवरण्यामुळे. पण म्हणून कोणी जंत गिळायला जाऊ नये.

हे सगळं आमच्या एका गाठीपुरतं. गाठी पुष्कळ असतील किंवा डोळ्यात असेल, तर अल्बेंडाझोलनेच घात होऊ शकतो. डोळे तपासल्याशिवाय ते घेऊ नका. आणि घरातल्या सगळ्यांची शौचतपासणी करा, स्वयंपाक करणाऱ्यांची तर आधी. आमच्याकडे झाली. नणंदेचे यजमान आंब्यांच्या दिवसांत महिना महिना इथेच असतात, म्हणून त्यांनाही सांगितलं होतं. "आम्ही शुद्ध शाकाहारी," म्हणाले. अजून केलेली नाही.